नाशिकहून आंतरराष्ट्रीय सर्फिंग स्पर्धेपर्यंत: पात्रतेचे टप्पे कोणत्या क्रमाने गाठावेत

नाशिकच्या जलतरण तलावांवर उत्तम पोहणारी मुले आहेत. त्यातली काही सुट्टीत गोव्याला किंवा कर्नाटकाच्या किनाऱ्यावर चार दिवस सर्फिंग शिकून येतात आणि मग घरात प्रश्न सुरू होतात. बोर्ड कोणता घ्यावा? बालीला एखादी स्पर्धा पैसे भरून खेळता येईल का? तिथे खेळले की ऑलिंपिकची दारे उघडतील का? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांचा क्रम उलटा आहे. क्रम उलटा झाला की घरचे पैसे आणि मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे वाया जातात. म्हणून ही प्रक्रिया पहिल्या पायरीपासून येथे मांडली आहे. ज्याला पोहता येते, लाटेवर उभे राहता येते आणि पुढे स्पर्धक व्हायचे आहे, त्याच्यासाठी आणि त्याच्या पालकांसाठी हे लिहिले आहे.

## टप्पा १: दोन वाटा वेगळ्या ओळखा

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. आंतरराष्ट्रीय सर्फिंगमध्ये पात्रतेच्या दोन वाटा आहेत आणि त्या दोन वेगळ्या संस्थांच्या हाती आहेत.

पहिली वाट व्यावसायिक स्पर्धांची. ती वर्ल्ड सर्फ लीग ही संस्था चालवते आणि तिचे तीन थर आहेत. सर्वांत खाली विभागवार चालणारी क्वालिफाइंग सीरिज, जिला सगळे ‘क्यूएस’ म्हणतात. तिच्यावर चॅलेंजर सीरिज. आणि माथ्यावर चॅम्पियनशिप टूर, जिथे जगज्जेतेपद ठरते. येथे सर्फर स्वतःच्या नावाने खेळतो, प्रवेश शुल्क स्वतः भरतो आणि गुण स्वतःच्या खात्यावर जमवतो.

दुसरी वाट राष्ट्रीय संघाची. तिचे नियमन इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशन करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता याच संस्थेला आहे. वर्ल्ड सर्फिंग गेम्स, कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिकची पात्रता या वाटेवर येतात. येथे प्रवेशिका देशाची असते. भारतात ती सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडियामार्फत जाते. कोणीही स्वतः अर्ज भरून या स्पर्धांत उतरू शकत नाही.

क्यूएसमध्ये मिळवलेले गुण राष्ट्रीय संघाच्या निवडीत आपोआप धरले जातील, असे गृहीत धरू नका. राष्ट्रीय स्पर्धेतील यशामुळे लीगच्या क्रमवारीत एक गुणही वाढत नाही. हंगामाच्या सुरुवातीला महासंघाचे त्या वर्षीचे निवड-निकष आणि लीगचे नियमपुस्तक ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. निकष दर हंगामात बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर तिकिटे काढू नयेत.

तपासणी: येत्या दोन वर्षांत आपल्याला नेमकी कोणती स्पर्धा गाठायची आहे, हे एका वाक्यात लिहून पाहा. वाक्यात दोन्ही वाटा आल्या, तर पहिल्या वर्षापुरती एकच ठेवा. भारतातून सुरुवात करणाऱ्याने राष्ट्रीय वाट आधी धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तिथे खर्च कमी लागतो आणि आपली पातळी लवकर कळते.

## टप्पा २: मुक्काम समुद्राकाठी हलवा

नाशिकला समुद्र नाही आणि याला पर्याय नाही. जव्हारमार्गे पालघर-डहाणूचा किनारा गाठता येतो, परंतु स्पर्धेच्या सरावाला लागणारी स्वच्छ, भिंतीसारखी उभी राहून कडेने फुटत जाणारी लाट तिथे भरवशाने मिळत नाही. देशातील सर्फिंगचा जम कर्नाटकातील मुल्की आणि मंगळुरूचा परिसर, तमिळनाडूतील मामल्लपुरम आणि कोवलम, तसेच केरळमधील वर्कला येथे बसला आहे. वर्षातून काही महिने सलग यांपैकी एखाद्या ठिकाणी राहण्याची सोय होत नसेल, तर पुढच्या टप्प्यांची घाई करू नये.

या बाबतीत चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांचे उदाहरण नाशिककरांच्या ओळखीचे आहे. पाण्याची टंचाई असलेल्या भागातून आलेले भोकनळ सैन्यात गेल्यावर पुण्यात रोइंग शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये उतरले. जिथे पाणी आणि प्रशिक्षक होते तिथे ते राहिले, म्हणून हे घडले. सर्फिंगमध्येही दुसरा मार्ग नाही.

सोय पाहायची तर निजामुद्दीनहून एर्नाकुलमकडे जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि कोकण रेल्वेमार्गे थेट उडुपी व मंगळुरू जंक्शनला पोहोचते. गाडी बदलावी लागत नाही, ही लांब बोर्डबॅग बरोबर असणाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. मात्र ऐन पावसाळ्यात पश्चिम किनारा खवळलेला असतो आणि तिथली सर्फिंग शिकवणी बहुधा बंद राहते. त्या काळात पूर्व किनाऱ्याचा विचार करावा. शाळकरी मुलांनी दहावी-बारावीचे वर्ष आणि किनाऱ्यावरचा मुक्काम यांचे वेळापत्रक आधीच जुळवून ठेवावे, कारण परीक्षेनंतर एप्रिल-मेमध्ये मिळणारे आठवडे पश्चिम किनाऱ्यावर हातचे जाऊ देण्यासारखे नसतात.

### नाशिकमध्ये असताना काय करावे

तलावातला सराव पोहण्याच्या शर्यतीचा नसावा. स्पर्धेतील एक लढत साधारण वीस ते तीस मिनिटांची असते आणि त्या वेळात सर्फर बहुतांश काळ पोटावर झोपून हातांनी वल्हवत असतो. त्यालाच पॅडलिंग म्हणतात. म्हणून अर्ध्या तासाच्या सत्रात मंद गतीने सलग पोहणे आणि मध्येच दहा-पंधरा हातांचा पूर्ण जोराचा झपाटा, असा आलटून-पालटून सराव करावा. तलावाच्या व्यवस्थापनाने परवानगी दिली तर जुन्या बोर्डवर झोपून पॅडलिंग करावे. खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांची खरी तयारी त्यानेच होते. जमिनीवर पॉप-अपचा, म्हणजे झोपलेल्या स्थितीतून एका हालचालीत उभे राहण्याचा सराव रोज करावा. सर्फस्केटवर, म्हणजे लाटेवरच्यासारखी वळणे घेता येणाऱ्या चाकांच्या फळीवर वळणांचा सराव करायचा असेल, तर रहदारीचा रस्ता टाळून मोकळे आवार शोधावे.

इशारा: श्वास रोखण्याचा सराव पाण्यात एकट्याने कधीही करू नये. पोहणारा आधी जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारतो, शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटलेला असल्याने श्वास घेण्याची निकड जाणवत नाही आणि वर येण्याआधीच शुद्ध हरपते. काठावर लक्ष ठेवणारा जाणकार माणूस हवाच. तसेच गोदावरीला पूर आल्यावर पुलावरून उड्या मारणे हा लाटेचा सराव नाही. पुराचे पाणी एकाच दिशेने ओढते, त्यात भोवरे आणि वाहून आलेली लाकडे असतात आणि त्यातून सर्फिंगचे कोणतेही कौशल्य वाढत नाही.

## टप्पा ३: नोंदणी आणि कागदपत्रे

यात विशेष समजून घेण्यासारखे काही नाही, पण उशीर झाला की संपूर्ण हंगाम जातो. राष्ट्रीय स्पर्धांसाठी महासंघाकडे नोंदणी करावी. ती करताना आपला क्लब किंवा प्रशिक्षक कोण, हे विचारले जाईल. वयोगटासाठी जन्मदाखला लागतो आणि कोणत्या तारखेला किती वय धरायचे, हे प्रत्येक स्पर्धेच्या परिपत्रकात पाहावे लागते. सोळा किंवा अठरा वर्षांखालील गटात ही तारीख देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एकच असेल, असे समजू नये.

पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांसाठी किंवा वय अठरा होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. ऐन स्पर्धेच्या वर्षी मुलगा अठरा वर्षांचा होत असेल, तर नूतनीकरणाचे काम कित्येक महिने आधी हाती घ्यावे. अनेक देश प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट मागतात.

## टप्पा ४: देशातील स्पर्धांत पाय रोवा

राष्ट्रीय मालिकेतील स्पर्धा कर्नाटक, तमिळनाडू, केरळ अशा किनारी राज्यांत होतात. तिथे खुल्या गटाबरोबर कनिष्ठ गटही असतात. पहिल्या वर्षी निकालाकडे न पाहता फेऱ्यांचा अनुभव घ्यावा, असे सगळे सांगतात. मी त्यात एवढीच भर घालेन की प्रत्येक फेरीचे गुण लाटेगणिक लिहून ठेवावेत. वर्षअखेरीस ती वहीच सांगते की आपण कमी लाटा पकडल्यामुळे हरलो, की पकडलेल्या लाटा अर्ध्यावर सुटल्यामुळे.

पातळीचा अंदाज येण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये मामल्लपुरम येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रमेश बुदिहाळ यांनी खुल्या गटात कांस्यपदक मिळवले आणि या स्पर्धेतील भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक ठरले. देशातल्या अव्वल सर्फरांना इथवर यायला किनाऱ्यावर राहून अनेक वर्षे खर्ची घालावी लागली आहेत.

तपासणी: राष्ट्रीय स्पर्धेत आपण सातत्याने पहिल्या दोन फेऱ्या पार करतो का? उत्तर नाही असेल, तर परदेशातील प्रवेश शुल्क भरू नये. ते पैसे किनाऱ्यावरच्या मुक्कामाला लावावेत.

## टप्पा ५: हीटचे गणित हाताशी ठेवा

पात्रता शेवटी एकेका लढतीत ठरते. प्रत्येक फेरीत स्पर्धकांच्या लहान गटांच्या लढती होतात, त्यांतील एकेका लढतीला हीट म्हणतात. चांगले सर्फिंग येऊनही हीट हरणारे पुष्कळ आहेत, कारण त्यांनी नियम ऐकलेले असतात, पण पाण्यात वापरलेले नसतात. म्हणून या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा.

प्रत्येक लाटेला दहापैकी गुण मिळतात. साधारणपणे पाच पंच असतात. त्यांतील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढली जाते. समजा पंचांनी ४.५, ५.०, ५.२, ५.५ आणि ६.० दिले, तर ४.५ आणि ६.० गळतात आणि उरलेल्यांची सरासरी ५.२३ येते. सर्फरने कितीही लाटा घेतल्या, तरी त्याच्या सर्वोत्तम दोनच धरल्या जातात. म्हणजे एकूण गुण वीसपैकी.

आता पाण्यातले गणित पाहा. तुमच्या खात्यावर ६.५० आणि ३.२० अशा दोन लाटा आहेत, एकूण ९.७०. पुढे असलेल्या सर्फरचे ११.४० आहेत. तुमची चांगली लाट ६.५० ची असल्याने ११.४० मधून ती वजा करा, ४.९० उरतात. पुढे जाण्यासाठी त्याहून अधिक, म्हणजे ४.९१ गुणांची एक लाट पुरे आहे. ज्याला हे माहीत आहे, तो शेवटच्या चार मिनिटांत मध्यम आकाराची, पण शेवटपर्यंत नेता येईल अशी लाट घेतो. ज्याला माहीत नाही, तो मोठ्या लाटेची वाट पाहत बसतो आणि हूटर वाजतो.

पंच काय पाहतात, हेही पाठ असावे: सर्फरने किती धाडसाने अवघड जागा निवडली, नव्या आणि प्रगत हालचाली केल्या का, मोठ्या हालचाली सलग जोडल्या का, त्यांत वैविध्य आहे का, आणि वेग, ताकद व लय कशी आहे. लांबवर नुसते सरळ गेल्याने गुण मिळत नाहीत. नवशिक्या भारतीय स्पर्धकांची मोठी चूक येथे दिसते. ते लाटेवर टिकून राहण्याला यश मानतात, तर पंच पहिल्या वळणापासून लाटेच्या सर्वांत उभ्या भागावर काय घडते, ते पाहत असतात.

प्राधान्याचा नियम वेगळा शिकावा. ज्याच्याकडे प्राधान्य आहे, त्याला लाट निवडण्याचा पहिला हक्क असतो. तो लाटेवर आल्यावर दुसऱ्याने आड आल्यास ती आडकाठी ठरते आणि आडव्या आलेल्या सर्फरच्या गुणांना कात्री लागते. एकाच हीटमध्ये दोनदा असे झाले, तर पाण्याबाहेर यावे लागते. प्राधान्य असलेल्याने लाटेसाठी जोर लावून ती चुकवली, तरी प्राधान्य जाते. त्यामुळे ज्या लाटेवर जायचे नाही, तिच्यासाठी हात मारू नये.

हूटरच्या क्षणाबद्दलही गैरसमज आहे. वेळ संपण्यापूर्वी पॅडलिंग सुरू केले म्हणजे लाट धरली जाते, असे नाही. लाट ताब्यात आलेली असावी, दोन्ही हात बोर्डच्या कडांवरून सुटलेले असावेत आणि उभे राहण्याची हालचाल सुरू झालेली असावी.

सराव असा करावा: किनाऱ्यावर एकाने घड्याळ आणि शिट्टी घेऊन बसावे. चौघांनी पाण्यात उतरून वीस मिनिटांची हीट खेळावी. प्रत्येकाला लाल, पांढरी, पिवळी, निळी जर्सी द्यावी, आणि दर पाच मिनिटांनी किनाऱ्यावरून ओरडून प्रत्येकाला किती गुण हवेत, ते सांगावे. स्पर्धेत वारा आणि लाटांच्या आवाजात उद्घोषकाचे अर्धे शब्द कानापर्यंत येत नाहीत, म्हणून गणित डोक्यात ठेवण्याची सवय येथेच लागली पाहिजे.

## टप्पा ६: क्यूएसमध्ये प्रवेश

आता व्यावसायिक वाट. लीगचे वार्षिक सदस्यत्व घेताना सर्फर एका विभागात नोंदला जातो. भारतीय सर्फर आशिया विभागात येतात. या विभागाच्या स्पर्धा इंडोनेशियातील क्रुई आणि नियास, फिलिपिन्समधील सिआर्गाओ, तैवानमधील ताइतुंग अशा ठिकाणी झाल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मामल्लपुरमला झालेली ३००० गुणांची स्पर्धा ही भारतातील पहिली क्यूएस स्पर्धा होती. प्रत्येक स्पर्धेला तिच्या दर्जानुसार १०००, ३००० अशी श्रेणी असते आणि तो आकडा विजेत्याचे गुण दाखवतो. बाकीच्यांना क्रमाने कमी मिळतात.

तीन गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिली, प्रवेशिका भरल्याने जागा पक्की होत नाही. जागा मर्यादित असतात आणि त्या क्रमवारीनुसार भरतात. नवख्याचे नाव प्रतीक्षायादीत राहू शकते. म्हणून परत न मिळणारे विमान तिकीट यादी जाहीर होण्यापूर्वी काढू नये.

दुसरी, क्रमवारीत प्रत्येक स्पर्धा धरली जात नाही, ठरावीक संख्येचे सर्वोत्तम निकाल धरले जातात. सहा लहान स्पर्धांत पहिल्या फेरीत बाद होण्यापेक्षा तीन निवडक स्पर्धांपूर्वी आठवडाभर आधी पोहोचून त्या लाटेची ओळख करून घेणे अधिक लाभाचे आहे. क्रुईची प्रवाळावर फुटणारी लाट आणि मुल्कीची वाळूवर फुटणारी लाट यांवर पाय वेगळा ठेवावा लागतो.

तिसरी, खालच्या मानांकनाचा सर्फर पहिल्या फेरीपासून खेळतो, वरचा थेट पुढच्या फेरीत येतो. सुरुवातीच्या हीटमध्ये बहुधा चौघे असतात आणि दोघे पुढे जातात. तिथे पहिले येण्याचा हट्ट न धरता दुसरे स्थान राखणेही पुरते.

## टप्पा ७: चॅलेंजर आणि चॅम्पियनशिप टूर

विभागीय क्रमवारीच्या अग्रभागी असलेल्या मोजक्या सर्फरांना चॅलेंजर सीरिजमध्ये जागा मिळते. किती, ते विभागानुसार वेगळे असते. ही सीरिज जगभर फिरते. दक्षिण आफ्रिकेतील बॅलिटो, कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच, पोर्तुगालमधील एरिसेइरा, ब्राझीलमधील साक्वारेमा हे तिचे ओळखीचे थांबे आहेत. अलीकडच्या हंगामांत तिच्या क्रमवारीतील पहिले दहा पुरुष चॅम्पियनशिप टूरला पात्र ठरले आहेत. स्त्रियांच्या जागा त्याहून कमी असतात. टूरमध्येही जागा थोड्याच: २०२६ च्या हंगामासाठी पुरुषांच्या ३६ आणि स्त्रियांच्या २४. टूरवर येऊन खाली घसरलेला सर्फर पुन्हा चॅलेंजरमधूनच वर येतो. त्यामुळे चॅलेंजरमधील प्रतिस्पर्धी नवखे असतील, अशी समजूत करून घेऊ नये.

## टप्पा ८: आशियाई स्पर्धा आणि ऑलिंपिक

२०२६ च्या आइची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धांत सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला. त्यासाठीचा कोटा भारताने २०२४ मध्ये मालदीवमध्ये झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतून मिळवला. कोटा देशाचा असतो, तो मिळवून देणाऱ्या सर्फरचा नव्हे. प्रत्यक्ष कोण जाणार, हे निवडीतून ठरते. संघातून खेळून देशाला जागा मिळवून दिली म्हणजे आपले तिकीट पक्के, असे समजून सराव सैल सोडणे महागात पडते.

ऑलिंपिकबाबत पॅरिस २०२४ ची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. एकूण ४८ सर्फर होते, २४ पुरुष आणि २४ स्त्रिया. त्यांतील १० पुरुष आणि ८ स्त्रियांच्या जागा चॅम्पियनशिप टूरच्या क्रमवारीतून आणि बाकीच्या मुख्यत्वे वर्ल्ड सर्फिंग गेम्स व खंडीय जागांतून भरल्या गेल्या. एका देशातून प्रत्येक गटात साधारण दोघांनाच संधी होती. टूरवरच्या नामांकित सर्फरांनाही राष्ट्रीय संघात निवड झाल्यास वर्ल्ड सर्फिंग गेम्समध्ये उतरणे बंधनकारक होते. म्हणजे या एका ठिकाणी दोन्ही वाटा एकत्र येतात. लॉस एंजेलिस २०२८ चे सर्फिंग कॅलिफोर्नियातील ट्रेसल्स येथे होणार आहे. त्यासाठीचे निकष आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मूळ दस्तऐवजातच वाचावेत, समाजमाध्यमांवरील सारांशावर विसंबू नये.

## टप्पा ९: औषधे, सामान आणि स्पर्धेचा दिवस

उत्तेजकविरोधी नियम कनिष्ठ खेळाडूंनाही लागू आहेत. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिनसारखे घटक असतात, ज्यांवर स्पर्धाकाळात मर्यादा आहे. ज्यांच्या लेबलवर सर्व घटक छापलेले नाहीत, अशी शक्तिवर्धक चूर्णे आणि प्रोटीन पावडरी घेऊ नयेत, मग ती देणारा कितीही विश्वासातला असो. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या ‘नो युवर मेडिसिन’ या ॲपवर औषधाचे नाव तपासता येते. दम्याचा पंप वापरणाऱ्याने डॉक्टरांची कागदपत्रे आणि गरज पडल्यास वैद्यकीय सवलतीचा अर्ज आधीच करून ठेवावा.

बोर्ड उन्हात बंद गाडीत ठेवू नये. उष्णतेने आतला फोम आणि वरचे आवरण एकमेकांपासून सुटतात, बोर्डवर फुगा येतो आणि तो दुरुस्त करूनही पूर्वीसारखा राहत नाही. एप्रिल-मेमध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर जेवणासाठी थांबतानाही बोर्ड सावलीत घ्यावा. फिन, म्हणजे बोर्डखालचे पर, काढून स्वतंत्र गुंडाळाव्यात, टोके जाड फडक्याने बांधावीत. दुसरा बोर्ड, दोन लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या) आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावायचे उष्ण पाण्यासाठीचे वॅक्स बरोबर असावे. लांब सामानाचे नियम प्रत्येक विमान कंपनीचे वेगळे असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी लांबीची मर्यादा विचारावी.

स्पर्धा लाटांवर अवलंबून असल्याने ती काही दिवसांच्या कालमर्यादेत भरवली जाते आणि आज खेळायचे की नाही, हे पहाटे जाहीर होते. परतीचे तिकीट त्या मर्यादेच्या शेवटच्या दिवसानंतरचेच असावे. दुसऱ्या फेरीत पोहोचलेला स्पर्धक विमान चुकेल म्हणून माघार घेतो, तेव्हा त्या वर्षाचे गुण तो स्वतःच्या हाताने घालवतो.

आपल्या हीटच्या आधी किमान एक तास किनाऱ्यावर असावे. जर्सी घेण्याच्या ठिकाणी नाव नोंदवावे, हीटच्या फळ्यावर आपला क्रम आणि जर्सीचा रंग स्वतः पाहावा आणि आधीच्या दोन हीटमध्ये लाट कुठे फुटते, ओढ कोणत्या बाजूला आहे, हे पाहून मगच पाण्यात उतरावे. प्रतीक्षायादीत नाव असले, तरीही वेळेवर हजर राहावे. एखादा स्पर्धक आला नाही, तर जागा किनाऱ्यावर उभ्या असलेल्या प्रतीक्षायादीतल्या सर्फरलाच मिळते आणि त्याला तयारीसाठी जेमतेम काही मिनिटे असतात. म्हणून बोर्डला वॅक्स लावलेले आणि लीश बांधलेली ठेवूनच तिथे थांबावे.